कोंबड्यांच्या शेडमध्ये रोबो फिरतो खरा, पण सोलापूरच्या उन्हात तो किती कामाचा?

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश सेल्सिअसच्या घरात असतं, अंगावर पिसांचं पांघरूण असतं आणि आतली उष्णता बाहेर टाकण्याचा तिच्याकडचा मुख्य उपाय म्हणजे चोच उघडून धापा टाकणं.

आता अशा पाच हजार कोंबड्या सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत असं समजा. मे महिना आहे, बाहेर पारा 43-44 वर गेलाय आणि दुपारी दोन वाजता वीज गेली. पंखे बंद, फॉगर बंद. शेडमध्ये नेमकं काय चाललंय हे मालकाला किती लवकर कळतं, यावर ती बॅच वाचणार की जाणार हे ठरतं.

शेडवर असं सतत लक्ष ठेवण्यासाठी जगात काही ठिकाणी आता रोबो वापरले जातात. त्यांचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. हजारो पांढऱ्या कोंबड्यांमधून चाकांवरचा एक डबा संथपणे वाट काढत जातो, कोंबड्या बाजूला सरकतात आणि पुन्हा जागेवर येतात. खाली हमखास एक कमेंट असते, "आपल्याकडे कधी येणार?" पण आपल्याकडे आला तर तो इथे काय करेल, आणि त्याचा फायदा कुणाच्या खिशात जाईल?

आधी माणूस काय करतो ते बघू

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी. साधारण 40 ग्रॅमचं एक दिवसाचं पिल्लू शेडमध्ये येतं आणि 35 ते 42 दिवसांत दोन किलोच्या पुढे जातं. उघड्या बाजूंच्या साध्या शेडमध्ये एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा धरतात, म्हणजे पाच हजार पक्ष्यांना पाच हजार चौरस फूट.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ऊब लागते, 32-33 अंशांच्या आसपास. पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. या ब्रूडिंगच्या काळात घरातलं कुणीतरी रात्री शेडवरच झोपतं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, भिंतीकडे पळाली तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक चाललंय. थर्मामीटर न बघता हे ओळखता येतं आणि जुनी माणसं ते दारातूनच ओळखतात.

मग रोजच्या फेऱ्या. मेलेले पक्षी, म्हणजे 'मरतुक', वेचून बाहेर काढायची. ड्रिंकर गळतंय का बघायचं. खाली अंथरलेलं भाताचं तूस, म्हणजे लिटर, मुठीत दाबून बघायचं. गोळा झाला तर ओल जास्त, भुगा होऊन सुटलं तर बरं. रात्री दिवा मालवून दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि ऐकायचं. श्वासाचा आजार सुरू झाला असेल तर अंधारात घशातली खरखर ऐकू येते.

या कामात माणूस दोन ठिकाणी कमी पडतो. एक तर तो चोवीस तास आत नसतो. आणि दुसरं त्याचं नाक. विष्ठा आणि ओल यांतून अमोनिया वायू तयार होतो. युरोपीय संघाच्या 2007 च्या नियमानुसार दाटीने ब्रॉयलर पाळणाऱ्या शेडमध्ये तो 20 पीपीएमच्या वर जाता कामा नये, आणि मोजायचा तो कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर. माणसाला अमोनियाचा वास साधारण याच पातळीच्या आसपास जाणवू लागतो. पण रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. त्याचे डोळे चुरचुरू लागतात तोवर पक्ष्यांनी तो वायू कितीतरी वेळ हुंगलेला असतो, कारण त्यांचं नाक जमिनीपासून वीतभरच वर असतं.

उंचीचा हा मुद्दा तापमानालाही लागू आहे. बऱ्याच शेडमध्ये थर्मामीटर खांबाला, माणसाच्या डोळ्यांसमोर टांगलेला असतो. वाचायला तो सोयीचा असतो, पण कोंबडी तिथे राहत नाही.

रोबो नेमकं काय करतो?

एका जागी बसवलेला सेन्सर त्या एका जागेचं सांगतो. रोबो तेच सेन्सर घेऊन फिरतो. तापमान, आर्द्रता, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, उजेड हे सगळं तो ठिकठिकाणी मोजतो आणि शेडचा नकाशा तयार करतो. ईशान्य कोपऱ्यात लिटर ओलं आहे, मधल्या रांगेत हवा कोंडलीय, अशी माहिती मालकाच्या फोनवर येते.

वाट शोधायला त्याच्याकडे लायडार असतो, म्हणजे लेसरने अंतर मोजणारं यंत्र, आणि कॅमेरे असतात. पत्र्याखाली जीपीएसवर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय शेडचा नकाशा स्थिर नसतो. पक्षी वाढतात तशा खाद्याच्या आणि पाण्याच्या लाइन वर उचलाव्या लागतात, आणि काल मोकळी असलेली जागा आज दोन हजार पक्ष्यांनी भरलेली असते.

कॅमेऱ्यातल्या चित्रांवरून सॉफ्टवेअर न हलणारा पक्षी ओळखायचा प्रयत्न करतं. विष्ठेचा रंग आणि घट्टपणा पाहून पोटाच्या आजाराचा अंदाज घेतं. काही ठिकाणी आवाजावरही काम चाललंय. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगच्या संशोधकांनी 2022 मध्ये कोंबड्यांच्या त्रासाच्या आवाजांवर प्रशिक्षण दिलेली एक प्रणाली मांडली आणि ती असे आवाज 97 टक्के अचूक ओळखते असं नोंदवलं. अंधारात उभं राहून खरखर ऐकणाऱ्या शेतकऱ्याचंच हे काम, फक्त न झोपता केलेलं.

जगात हे कुठे चालतं?

स्पेनमधल्या फॅरोमॅटिक्स कंपनीचा 'चिकनबॉय' जमिनीवर चालतच नाही. तो छताखालच्या रुळावर लटकून शेडभर फिरतो आणि वरून हवा, पक्षी आणि विष्ठा तपासतो. ही कंपनी 2021 मध्ये अमेरिकेच्या अॅग्कोने विकत घेतली. फ्रान्समधल्या टिबो कंपनीचा 'स्पुटनिक' जमिनीवर फिरून पक्ष्यांना हलतं ठेवतो, त्यामुळे कोंबड्या खुराड्याबाहेर लिटरवर अंडी घालण्याचं प्रमाण कमी व्हावं अशी अपेक्षा असते. चीनमध्ये बीजिंगजवळच्या एका फार्मवर थायलंडच्या चारोएन पोकफंड समूहाने लावलेले माणसाच्या उंचीचे 18 रोबो 2017 मध्ये बातम्यांत झळकले होते. सुमारे 30 लाख कोंबड्यांमध्ये ताप आलेली किंवा हालचाल मंदावलेली कोंबडी शोधणं हे त्यांचं काम.

व्हिडिओत दिसतं तितकं हे सोपं नाही, हेही नोंदलं गेलंय. नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठाने जमिनीवरची अंडी उचलणारा 'पोल्ट्रीबॉट' तयार केला. चाचणीत त्याने शेडमधून वाट व्यवस्थित काढली, पण समोर असलेल्या अंड्यांपैकी 46 टक्केच उचलता आली. निम्म्याहून कमी. निकाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आणि संशोधकांनी हा आकडा लपवला नाही, हे त्यांचं कौतुक.

मग सोलापुरात काय अडतं?

वर सांगितलेली बहुतेक शेड बंदिस्त असतात. एका टोकाला पाण्याने भिजणारे कूलिंग पॅड, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे आणि मधून बोगद्यासारखी वाहणारी हवा. आपल्याकडे त्याला 'ईसी शेड' म्हणतात. अशी शेड महाराष्ट्रातही आहेत आणि वाढतायत. सोलापूरची कोरडी हवा तर पॅडसाठी उत्तम, कारण हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. 42 अंशांची कोरडी हवा चांगल्या पॅडमधून दहा-बारा अंशांनी उतरू शकते. अडचण एकच, त्याला भरपूर पाणी लागतं, आणि सोलापुरात ज्या महिन्यांत पॅड लागतात त्याच महिन्यांत टँकर फिरत असतात.

ईसी शेडमध्ये रोबोला अर्थ आहे. हवा एका टोकाने आत येते, पक्ष्यांच्या अंगावरून जाताना तापत जाते आणि पंख्याच्या टोकापर्यंत चांगलीच गरम होते. हा फरक एका सेन्सरला दिसत नाही, फिरणाऱ्याला दिसतो.

पण छोट्या शेतकऱ्याचं नेहमीचं शेड उघड्या बाजूंचं असतं. दोन्हीकडे जाळी, त्यावर पडदे, वर पत्रा. उन्हाळ्यात पत्र्यावर उसाचं पाचट किंवा चुना, जाळीला ओलं गोणपाट. खाली जमीन खाचखळग्यांची, वर तुसाचा थर. इथे चाक रुततं, धूळ कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. अमोनिया पक्ष्यांना त्रास देतो तसाच यंत्राच्या तांब्यालाही खातो. अमोनिया मोजणारे सेन्सर वापराने भरकटत जातात, ते वेळोवेळी तपासून जुळवावे लागतात आणि काही काळाने बदलावे लागतात. हे काम करणारा माणूस मंगळवेढ्यात किंवा सांगोल्यात किती तासांत पोहोचेल, हा प्रश्न रोबोच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट इथल्या हवेची. मेलेली कोंबडी ओळखायला काही यंत्रणा उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा वापरतात. तत्त्व साधं आहे, जिवंत पक्षी गरम, मेलेला थंड होत जातो. युरोपातल्या 20-22 अंशांच्या शेडमध्ये हा फरक ठळक दिसतो. पण शेडचंच तापमान 40 असेल तर मेलेला पक्षी थंड होणार कसा? ज्या दुपारी मरतुक सगळ्यात जास्त होण्याची भीती, नेमक्या त्याच दुपारी थर्मल कॅमेऱ्याची नजर मंदावते. बाहेरून आणलेलं यंत्र इथल्या उन्हाळ्यात तपासल्याशिवाय विकत घेऊ नये, त्याचं हे एक ठोस कारण.

आणि पक्ष्यांना हलवणारा रोबो? थंड हवेत त्यांना चालतं ठेवणं चांगलं. उन्हाळ्यात मात्र दुपारी खाद्यसुद्धा बंद ठेवतात, कारण पचनातून उष्णता तयार होते. भर उन्हात धापा टाकत बसलेल्या कोंबडीला उठवणं म्हणजे तिच्या अंगात आणखी उष्णता भरणं. सोलापुरात आला तर रोबोची फेरी पहाटे आणि रात्री हवी, दुपारी त्याने कोपऱ्यात उभं राहावं.

फक्त पारा बघून भागत नाही

पोल्ट्रीवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवायची. बेरीज 160 च्या वर गेली की धोका.

मे महिन्यातली कडक दुपार घ्या. 42 अंश सेल्सिअस म्हणजे जवळपास 108 फॅरनहाइट, आर्द्रता 20 टक्के. बेरीज 128. आता वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची संध्याकाळ. पारा 36 वर उतरलाय, म्हणजे 97 फॅरनहाइट, पण आर्द्रता 70 टक्के. बेरीज 167.

याचा अर्थ 42 अंशांत पक्षी सुखात असतात असा नाही. ठोकताळा ढोबळ आहे आणि कोरड्या उन्हानेही पक्षी मरतात. पण धापा टाकून थंड व्हायचं तर हवेत पाणी उडायला जागा हवी, दमट हवेत ती नसते. माणसाला मात्र उलट वाटतं. पाऊस पडला, गार वारा सुटला, आता टेन्शन नाही. त्याच संध्याकाळी वादळाने वीजही गेलेली असते. वारा नसताना सतत चालवलेला फॉगरही शेडमध्ये हाच घोटाळा करतो, पारा उतरतो आणि दमटपणा वाढतो.

म्हणून आर्द्रता मोजणारं काहीतरी शेडमध्ये असणं हे उन्हाळ्यात चैनीचं नाही. त्यासाठी रोबोच पाहिजे असंही नाही.

बर्ड फ्लूचं गणित

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या एच5एन1 विषाणूने मेले. मार्च 2025 मध्ये खुद्द सोलापूर शहरात तलावांच्या परिसरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला.

कोंबड्यांमध्ये उद्रेक झाला की एक किलोमीटरच्या परिघातले पाळीव पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. भरपाई असते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी. त्याआधी रोगाने मेलेले पक्षी त्यात धरले जात नाहीत. म्हणजे रोग एक-दोन दिवस आधी लक्षात येणं हा शेतकऱ्यासाठी थेट पैशाचा प्रश्न आहे, आणि शेजारच्या गावासाठी त्याहून मोठा.

इथे रोबोची बाजू भक्कम आहे. शेडमध्ये माणसांची ये-जा जितकी कमी, तितका बुटांना आणि कपड्यांना चिकटून येणारा विषाणू कमी. पक्ष्यांचं पाणी पिणं अचानक घटलं, आवाज बदलला, हालचाल मंदावली, ही लक्षणं मरतुकीच्या आधी दिसू शकतात. मात्र एकच रोबो पैसे वाचवायला तीन शेडमध्ये फिरवला, तर तोच रोगाचं वाहन होतो. चाकं धुता येतात, पंखा आणि सेन्सरच्या फटी धुणं अवघड. खर्च वाटून घ्यायला चार शेतकऱ्यांनी मिळून एक रोबो घेण्याची कल्पना म्हणूनच कागदावर जितकी छान दिसते, तितकी शेडमध्ये धोक्याची आहे.

पक्षी कंपनीचे, शेड शेतकऱ्याचं

बरेचसे छोटे ब्रॉयलर उत्पादक करार पद्धतीने काम करतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, मजुरी, वीज, पाणी, तूस शेतकऱ्याचं. बॅच उचलली की जिवंत वजनाच्या किलोमागे ठरलेली रक्कम मिळते. मरतुक किती झाली आणि किती खाद्यात किती वजन आलं यावर ती कमी-जास्त होते.

आता या व्यवस्थेत रोबो ठेवून बघा. यंत्र शेतकऱ्याच्या शेडमध्ये, त्याच्या विजेवर चालणार. त्यातून वाचणारं खाद्य कंपनीचं. पक्षी कंपनीचे. मरतुक कमी झाल्याचा काही वाटा शेतकऱ्याला मिळेल, पण यंत्राचा हप्ता कुणी भरायचा? आणि रोबोने जमवलेली माहिती कुणाच्या सर्व्हरवर जाणार?

हा प्रश्न साधा वाटतो, पण बॅच गेली की तोच कळीचा होतो. मरतुक वाढली की वाद ठरलेला असतो. कंपनी म्हणते, तुझं व्यवस्थापन चुकलं. शेतकरी म्हणतो, पिल्लंच कमजोर आली होती, खाद्यात गडबड होती. अशा वेळी दर तासाची तापमान आणि अमोनियाची नोंद ज्याच्या हातात, त्याचं पारडं जड. ती नोंद शेतकऱ्याच्या फोनवर असेल तर तो दाखवू शकतो की हवा ठीक होती. फक्त कंपनीच्या पडद्यावर असेल तर त्याच्याच शेडची माहिती त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. करारात याबद्दल एक ओळ असणं ही रोबो येण्याआधीची पायरी आहे, कारण साधे सेन्सर लावले तरी हाच प्रश्न येतो.

मग आत्ता काय?

सरकारी बाजूने दोन गोष्टी 2025 मध्ये घडल्या. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने 2025 ते 2029 साठी 'महाकृषी-एआय' धोरणाला मंजुरी दिली. जुलैमध्ये पशुसंवर्धनाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्यात 25 हजारांपर्यंत मांसल पक्षी किंवा 50 हजारांपर्यंत अंडी देणारे पक्षी असलेल्यांना शेतीच्या दराने वीज देण्याचं ठरलं.

पाच हजार पक्ष्यांच्या शेडसाठी या दोन्हींत दुसरा निर्णय जास्त कामाचा वाटतो. रोबो उकाडा मोजतो, तो घालवत नाही. फोनवर इशारा आला आणि पंखा चालवायला वीज नसेल, तर मालकाला बॅच मरताना फक्त आकड्यांत दिसेल. ईसी शेडमध्ये तर हे आणखी गंभीर, कारण कडक उन्हात पंखे थांबले की अर्ध्या तासाच्या आत पक्षी गुदमरू लागतात. तिथे आपोआप सुरू होणारा जनरेटर हा रोबोच्या आधीचा खर्च आहे.

उघड्या शेडवाल्यासाठी क्रम असा लावता येईल. आधी वीज गेली की वाजणारा सायरन, तोही शेडवर नाही तर घरात. मग तापमान आणि आर्द्रता नोंदवून फोनवर पाठवणारे दोन-तीन साधे सेन्सर, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर, एक शेडच्या मधोमध आणि एक उन्हाच्या पश्चिम टोकाला. पक्षी वाढतील तसे तेही थोडे वर घ्यायचे. पाण्याच्या टाकीला मीटर लावला तर आजार आणि उकाडा दोन्हींची चाहूल लागते. हे सगळं तालुक्याच्या ठिकाणचा इलेक्ट्रिशियन बसवू शकतो आणि बिघडलं तर दुरुस्तही करू शकतो.

वीस-पंचवीस हजार पक्ष्यांची ईसी शेड चालवणाऱ्याने मात्र रोबोचं डेमो मागायला हरकत नाही. फक्त ते डिसेंबरमध्ये घेऊ नये. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, बॅच तीस दिवसांची असताना, दुपारी तीन वाजता यंत्र शेडमध्ये सोडायला सांगावं, आणि त्याच फेरीत आपल्या माणसाला मरतुक मोजायला लावावी. दोघांचे आकडे जुळले तर किमतीचं बोलता येईल.